पाचव्या रांगेतलं हसू

एकेकाळी त्या रस्त्यावर शेजारीशेजारी तीन नाटकगृहं होती आणि तिन्हींचे मालक एकमेकांचं तोंड पाहत नसत. आता दोन पडली होती. उरलेल्या तिसऱ्यात रस्त्याच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलं होतं. शिवणकाम करणारी ताई तिथे एकाच गोष्टीच्या शोधात आली होती: आपले बाबा इथे नेमकं करायचे तरी काय? आईला विचारलं की ती म्हणायची, "नाटकात होते." पण एकाही फोटोत, एकाही जाहिरातीत बाबा नव्हते. शिवाय नाटकातला माणूस घरात इतका घुम्या कसा? बाबांच्या चेहऱ्याची इस्त्री कधी मोडलीच नाही. आपण त्यांना नकोशा होतो, असं ताईने लहानपणीच मनाशी धरलं होतं. पन्नाशी उलटली तरी ते सुटत नव्हतं.

नटांचे जुने केसांचे टोप मांडून बसलेल्या म्हाताऱ्या टोपवाल्याला तिने बाबांचा फोटो दाखवला. त्याने तो लांब धरून पाहिला.

"अहो, हा तर आमचा हसरा!"

"हसरा? काका, माणूस चुकलाय तुमचा."

"चुकेन कसा? पाचव्या रांगेत बसून हसायचं, हीच त्याची नोकरी. लोक बुजरे असतात हो, पहिलं हसणार कोण? हा हसला की सगळं थिएटर हसायचं. मालकांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य, पण हसायला तिघांनाही हाच लागायचा. त्याच विनोदाला रोज नव्याने हसायचं, आणि नटाचं पुढचं वाक्य बुडू नये म्हणून वेळेत थांबायचं. खायचं काम नाही ते!"

ताईला हसावं की रडावं कळेना. "मग सोडलं का?"

"सोडलं कुठलं, काढलं त्याला."

टोपवाल्याने शेजारच्या यंत्राचं बटण दाबलं. जुन्या नाटकाचं ध्वनिमुद्रण होतं. राजा मरतो, राणी हंबरडा फोडते, प्रेक्षक चिडीचूप. आणि मध्येच कुणीतरी फिस्सकन हसतं. आवरायला जातं, नाकातून घुर्र करतं आणि पुन्हा हसत सुटतं.

"हे धंद्यातलं नव्हे," टोपवाला म्हणाला. "का हसला, देव जाणे. विचारून विचारून थकलो आम्ही. शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही."

ते नाटक ताईने लहानपणी पाहिलं होतं. त्या दुपारी ती बाबांच्या मांडीवर बसली होती. मेलेला राजा हळूच नाक खाजवताना तिला दिसला होता, आणि ती बाबांच्या कानात कुजबुजली होती, "बाबा, राजाला सांगा ना, तो मेलाय."

नोकरी गेली, पण पोरीचं नाव बाबांनी ओठांवर येऊ दिलं नव्हतं.

"काका, मला माहितीये," ती म्हणाली. "तो राजा ना..." पुढे तिला बोलताच येईना. डोळ्यांतून पाणी, नाकातून घुर्र, आणि हसू काही थांबेना.

टोपवाल्याने दचकून यंत्राकडे पाहिलं. ते केव्हाच बंद झालं होतं.