पाठीवरचं नाव

“ही चिठ्ठी तुमच्याच लाँड्रीची ना?” पोलिसानं काउंटरवर गुलाबी कागदाचा तुकडा ठेवला. धुलाईला आलेल्या कपड्याच्या अस्तराला टाचतात तसला.

अर्नेस्टाइन शिलाई मशीनवरून उठली. इस्त्रीच्या वाफेनं दुकानाच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. बाहेरचा रस्ता दिसत नव्हता.

“आमचीच. का?”

“मेंढीच्या कातड्याचा कोट आहे. तपकिरी. पाठीवर लाल अक्षरांत कॉर्नेल लिहिलंय. कोण हा, माहीत आहे?”

“माझा मुलगा.”

पोलिसानं टोपी काढली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या कुठल्याही आईला टोपी काढलेला पोलीस बघायचा नसतो.

“बाई, तुम्हाला दवाखान्यात यावं लागेल.”

गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान तसंच राहिलं आहे. तिनं ते काढलं नाही. काय झालं हेही विचारलं नाही. न विचारलेलं अजून घडलेलं नसतं, असं तिला वाटत होतं.

तो कोट तिनं वर्षभराच्या जादा शिलाईतून घेतला होता. आत मऊ पांढरी लोकर, कॉलरही लोकरीची. त्या वर्षी प्रत्येक पोराला तसाच कोट हवा होता, आणि ज्याच्याकडे होता त्याच्या अंगावरून तो ओढला जात होता. आगगाडीच्या स्टेशनाच्या जिन्यावर, शाळेच्या फाटकात. कुणाचे बूट गेले, कुणाचा चष्मा गेला, कुणी मोज्यांवर घरी आला. तेव्हा अर्नेस्टाइननं जाड लाल लोकरी कापडाची वीतभर उंच अक्षरं कापली आणि कोटाच्या पाठीवर दुहेरी टीप मारून मुलाचं नाव बसवलं.

“मा, मी काय फळा आहे?” कॉर्नेल चिडला होता.

“चोरणारा घालून मिरवेल कुठं? पुढच्या गल्लीत लोक विचारतील, काय रे, तू कॉर्नेल कधीपासून झालास?”

“लोक मला हसतील.”

“हसू दे. ज्याला हसतात तो पोरगा घरी येतो.”

कुणी हसलं नाही. विजेच्या खांबाला वायर जोडून बागेत गाणी वाजत होती, पोरं पाठीवर गिरक्या घेत होती, आणि त्या गर्दीत ती लाल अक्षरं लांबून दिसली. पुढच्या आठवड्यात लाँड्रीत रांग लागली. “मिस अर्नेस्टाइन, माझंही नाव. पण त्याच्यापेक्षा मोठं हां.” ती प्रत्येकाला विचारायची, “आईनं ठेवलेलं की गल्लीनं ठेवलेलं?” पोरं लाजायची.

तिला तिच्या धाकट्या भावाची आठवण यायची. एकाहत्तर साली तोही पाठ पुढं करून असाच उभा राहायचा. बाह्या कापलेलं डेनिमचं जाकीट, आणि पाठीवर टोळीचं नाव. ती पाठ बघून लोक रस्ता बदलायचे. मग टोळ्या विझल्या. त्याच गल्ल्यांत नाचणाऱ्यांचे चमू झाले, जाकिटांवर चमूची नावं आली. पुढं ज्याचं त्याचं नाव आलं. पोरांनी पँटच्या घडीवर टीप मारून घेतली, ती कधी मोडू नये म्हणून. बुटांच्या नाड्या ताणून, खळ लावून, इस्त्री करून पट्ट्यांसारख्या रुंद केल्या. दात घासायच्या ब्रशानं बूट घासले. जळून काळ्या पडलेल्या इमारतींमधून ही पोरं अशी बाहेर पडायची, जशी आत्ताच कुणी खोक्यातून काढली आहेत.

दवाखान्यात तळमजल्यावर त्यांनी चादर बाजूला केली.

तो कॉर्नेल नव्हता.

अर्नेस्टाइनच्या छातीतून आनंद असा उसळला की तिनं अंगुस्तानच दातांत धरलं. हसू फुटेल याची तिला भीती वाटली. मग तिनं त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. भुवईवरचा तो व्रण तिच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाचा होता.

“हा ग्लेनरॉय,” ती म्हणाली. “ग्लेनरॉय पिनॉक. आमच्या वरच्या मजल्यावरचा. हायसिंथचा.”

बाहेरच्या बाकावर स्टेशनाजवळ टोप्या विकणारा म्हातारा बसला होता. रुग्णवाहिकेमागून तो चालत आला होता. 

“तिघं मागं लागले होते,” तो सांगू लागला. “मी ओरडलो, अरे दे ना बाबा तो कोट, फेक अंगावरून. आणि तो पळता पळता काय म्हणत होता माहितीये? माझा नाहीये. माझा नाहीये. एवढंच. मग समोरून बस आली.”

दवाखान्यानं कोट अर्नेस्टाइनच्या हातात दिला. नाव तिच्या मुलाचं होतं.

घरी कॉर्नेल पातळ स्वेटरवर खिडकीत उभा होता.

“मा, ग्लेन दिसला का गं? फोटो काढायला गेलाय. तो रंगवलेला पडदा असतो ना, बेचाळीसाव्या रस्त्यावर, त्याच्यासमोर. जमैकाला आजीला पाठवायचाय. म्हणाला, आजीला वाटायला पाहिजे आम्ही इथं थाटात आहोत. मी दिला कोट.” मग त्याला तिच्या हातातलं गाठोडं दिसलं.

तिनं सांगितलं. तो खाली बसला. बराच वेळ बुटाची रुंद नाडी बोटांनी सपाट करत राहिला.

“मी त्याला म्हणालो होतो,” शेवटी तो बोलला, “कोट नसेल तर तूही परत येऊ नकोस. थट्टेनं म्हणालो, मा. तोही हसला होता.”

वरच्या मजल्यावर हायसिंथ येरझाऱ्या घालत होती. छतातून तिची पावलं ऐकू येत होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि पुन्हा मागं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं, तरी अर्नेस्टाइन मागच्या दारानं आत गेली. कोट धुतला, वाफ दिली, लोकर विंचरली. मग मशीनच्या दिव्याखाली पाठ उलगडली आणि पहिल्या अक्षराच्या टिपेखाली पातं घातलं. मरण पाहिलेल्या या कोटावर मुलाचं नाव तिला नको होतं. पातं घातलं खरं, पण तिला ठाऊक होतं, कापडातली टीप उसवली की भोकं मिटतात, कातड्यातली मिटत नाहीत. दोरा निघेल, नाव निघणार नाही.

दार वाजलं. हायसिंथ आत आली. अंगावर अजून दवाखान्यातल्या मदतनिसांचा निळा डगला होता. आजाऱ्यांना उचलण्यात तिचा जन्म गेला होता.

“कोट कुठाय, मिस अर्नेस्टाइन?”

“हायसिंथ, मला माफ—”

“ते नंतर. मला तो त्याच्या अंगावर घालायचाय.”

“चर्चमध्ये? पाद्री काय म्हणतील? सूट शिवते ना मी. रात्रभर बसते.”

“सुटात त्याला कोण ओळखणार? दोन हिवाळे मागत होता माझ्याकडे. मी म्हणायची, लोकर पांघरायला तू काय मेंढी आहेस?” तिनं कोटाची लोकरी कॉलर सरळ केली. “परत द्यायला निघाला होता. आता कुणाला द्यायला नको. नेऊ दे.”

“पण हे नाव. थांब, उसवून देते.”

हायसिंथनं पात्यावर हात ठेवला. “राहू द्या. पाठीवरच निजणार आहे तो. कोण बघतंय?”

अर्नेस्टाइननं कोटाची घडी घातली. पाठ आत, अस्तर बाहेर. ती देताना दोघींचे हात लोकरीत बुडाले, आणि थोडा वेळ कुणीच सोडला नाही.

दफनभूमीत जमीन गोठली होती. पोरं खड्ड्याच्या कडेला ओळीनं उभी राहिली, बायका त्यांच्या मागं. वारा बोचत होता. दोन-तिघांनी आपले कोट काढून कॉर्नेलपुढं धरले. त्यानं एकही घेतला नाही.

पेटी खाली गेली. मातीखाली अर्नेस्टाइनच्या मुलाचं नाव गेलं. तिला मान वर करवेना. वर केली तेव्हा समोर पाठी होत्या, तिनंच शिवलेल्या. ती एकेक नाव मनात वाचत गेली, जात्यावर ओवीमागून ओवी यावी तशी. मोझेस. लिनवुड. रेजी. थोरला इझेकिएल, त्याच्यापेक्षा मोठ्या अक्षरांतला धाकटा इझेकिएल. सगळे हयात. शेजारी हायसिंथचेही ओठ हलत होते. तीही वाचत होती.

ओळीच्या शेवटी एक पाठ कोरी होती. राखाडी स्वेटर, त्यातून खांद्यांची हाडं दिसत होती, आणि ती थरथरत होती.

हायसिंथ वाचता वाचता तिथं थांबली. तिनं खांद्यावरची शाल काढली, गोठलेल्या गवतावरून पुढं गेली आणि ती त्या पाठीवर टाकली. टोकं गळ्याशी आणून गाठ मारली, शाळेत निघालेल्या मुलाची मारतात तशी.

कॉर्नेल वळला नाही. त्यानं फक्त मान थोडी खाली केली, तिला गाठ नीट बसवता यावी म्हणून.