हा नव्हे

पेठ नाक्यावरून गाडी सांगलीकडे वळली आणि मागचा खडखडाट पुन्हा सुरू झाला. वल्लरीने दात आवळले. साताऱ्याहून निघताना तिने सायलेन्सर स्वतःच तारेने बांधला होता, आणि ती तार आता कुठल्याही खड्ड्यात राम म्हणणार, असं तिला सारखं वाटत होतं.

गाडी म्हणजे उघड्या टपाची, जेमतेम दोन माणसं मावतील अशी लाल एमजी. साठेक वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याने हौसेने घेतलेली. पुढे त्याच्या मुलांना ती अडगळ वाटायला लागली, तेव्हा वल्लरीच्या बाबांनी ती उचलून साताऱ्याला आणली होती. साखर कारखान्यात इंजिनिअर असलेल्या माणसाने असली चैन करावी याचं तेव्हा सगळ्या नातलगांना नवल वाटलं होतं. आज रस्त्यावरचा प्रत्येक मोटारसायकलवाला जवळ येऊन आधी गाडीकडे आणि मग तिच्याकडे बघत होता. एकाने तर कानावर हात ठेवून विचारलं, "ताई, इमान हाय का वो?"

आष्ट्याच्या अलीकडे फोन वाजला, तसं तिने गाडी चिंचेच्या सावलीत घेतली. भाऊ होता, सौमित्र.

"अगं, सांगलीला कशाला पळतेस? पुण्यात आण ना. स्टेनलेसचा मिळतो इथे. एकदम स्पोर्टी. गाडी अशी गर्जेल ना..."

"मला गर्जना नकोय. मला बाबांचा आवाज हवाय."

"बाबांचा?"

"म्हणजे गाडीचा," ती घाईने म्हणाली. "परवाच्या आत."

परवा बाबांचं वर्षश्राद्ध होतं, वाईला, घाटावर. आईला या गाडीतूनच न्यायचं, असं वल्लरीने ठरवलं होतं. त्यासाठी सुट्टी काढून ती आठवडाभर आधीच साताऱ्याला आली, गाडीवरची चादर काढली, नवी बॅटरी बसवली, आणि गाडी फाटकाबाहेर काढते न काढते तोच सायलेन्सर जमिनीला टेकला होता.

तोच जुना आवाज हवा असण्याचं कारण वेगळं होतं. त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बाबा गिअर उतरवायचे. गाडी आधी ढबढबायची, मग एकच 'फट्' व्हायचं. त्या फट्सरशी आई उठून चहाचं आधण ठेवायची, आणि बाबा दारात चपला काढेपर्यंत चहाला उकळी आलेली असायची. गेलं वर्षभर आईचा चहा भरकटला होता. कधी तो भर उन्हात दोनदा व्हायचा, कधी दिवेलागण झाली तरी नाहीच. त्याबद्दल आई काही बोलायची नाही आणि वल्लरीला विचारायचं सुचत नव्हतं. तिला एवढंच वाटत होतं की तो आवाज एकदा, एकदाच, कोपऱ्यावर यावा.

आणि दुसरं एक होतं, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत, दवाखान्यात, बाबा मध्येच डोळे उघडून म्हणाले होते, "मफलर राहिला बघ." मे महिना होता, पण त्या खोलीतला एसी हाडं गोठवणारा. ती धावत घरी गेली आणि डांबरगोळ्यांचा वास येणारा कॉफी रंगाचा मफलर आणून त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला. बाबांनी त्याचं टोक चिमटीत धरून पाहिलं. "हा नव्हे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती राखाडी घेऊन गेली, तोवर त्यांना बोलता येत नव्हतं. कुठला असेल तिसरा? तिने कपाटं उपसली, म्हसवडच्या आत्यालासुद्धा काहीतरी निमित्त काढून फोनवर विचारलं. तिसरा मफलर कुठेच नव्हता. झोप लागता लागता तो तिला हमखास आठवायचा, आणि मग झोप लागायची नाही.

बाबा सायलेन्सरचं काम ज्याच्याकडून करून घ्यायचे, त्या आप्पासोचं दुकान मार्केट यार्डाच्या मागच्या बोळात होतं. हळदीचे सौदे जोरात होते, आणि बोळातल्या भिंती, झाडं, कुत्री, सगळ्यांवर पिवळट धूळ बसली होती. गाडी थांबायच्या आधीच आप्पासो बाहेर आला. पोट पुढे, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर.

"मधुसायबांची गाडी!" तो ओरडला. "आवं ताई, मला आत बसल्या बसल्या कळलं. या जिल्ह्यात कुठलाबी सायलेन्सर बोलला का न्हाई, की ह्यो आप्पासो त्याचं गाव सांगतो."

"मागच्या खेपेला ट्रॅक्टरला टेम्पो म्हणालास," शेजारच्या चहाच्या टपरीतून आवाज आला. टपरी धोंडुबाईची होती.

"मावशे, तू चहा गाळ."

मग बाबांबद्दल जे बोलायचं ते बोलून झालं. आप्पासोने चष्मा काढून पुसला. कळलं तवा लय वाईट वाटलं, म्हणाला. वल्लरीने मान हलवली आणि लगेच कामाचं काढलं. हे तिला आता सरावाने जमायचं.

"मला अगदी आधीसारखा आवाज हवा. फरक नको."

"त्यात काय! तीन नमुने हायत. एकेक अडकवून दावतो."

पण वल्लरीला गाडीजवळ उभं राहून ऐकायचं नव्हतं. घरी तो आवाज नेहमी भिंतीआडून यायचा. म्हणून ती धोंडुबाईच्या टपरीत, पत्र्याच्या आड, रस्त्याकडे पाठ करून बसली. आप्पासोने पहिला सायलेन्सर नुसता क्लॅम्पवर अडकवला, गाडी बोळाच्या तोंडापर्यंत नेली आणि गिअर उतरवत परत आणली.

आवाज आला, पण चिरका. कुठल्याही गाडीसारखा.

"हा नव्हे," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच शब्दांनी चपापली.

दुसरा जवळजवळ ऐकूच आला नाही. गाडी टपरीपाशी येऊन थांबली, तेव्हा कुठे तिला कळलं.

"ह्येच्या पोटात काचेची लोकर भरलीया," आप्पासो कौतुकाने म्हणाला. "समदा आवाज खाती. मांजरावानी येतीया का न्हाई गाडी?"

"हाही नव्हे."

तिसरा आला तो धडाडत. टपरीतल्या बरण्या थरथरल्या. वल्लरीने नुसता हात हलवला.

"पोरगी बघायला आल्यागत चाललंय की गं तुझं," धोंडुबाई म्हणाली. "एक चिरकी, एक मुकी, एक भांडखोर. आता कुठनं आणायची ह्येनं चौथी?"

वल्लरीला हसू आलं नाही. दुपार कलत चालली होती, परतीचा रस्ता लांब होता, आणि ती पत्र्याआड उठत होती, बसत होती, पुन्हा उठत होती. शेवटी आप्पासो वैतागला.

"ताई, मग आवाज तरी करून दावा. कसा पायजे?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. बोळात एक हमाल पोत्यावर आडवा झाला होता, बाकी कुणी नव्हतं. तिने घसा साफ केला. "ढब, ढब, ढब..." तिचा चेहरा तापला, पण ती थांबली नाही. "ढब... आणि मग फट्."

हमाल उठून बसला.

आप्पासोने जुना सायलेन्सर उचलला, उलटा केला आणि तिच्यापुढे धरला. खालच्या बाजूची शिवण बोटभर उसवली होती. कडांना तांबूस पापुद्रे सुटले होते.

"तुमचा फट् ह्यो इथनं येत हुता. कैक वर्सं. ह्यो काय सायलेन्सरचा आवाज न्हवं, भोकाचा हाय."

"म्हणजे नव्यातून येणारच नाही?"

"न यायला काय झालं? भोक पाडतो की नव्याला." आप्पासोने ड्रिल मशीन हातात घेतलंसुद्धा. "गिऱ्हाइकाची मर्जी. फकस्त एक सांगतो, मधुसायेब असतं तर मला शिव्या घातल्या असत्या. त्ये तर ह्या फट्ला कावलं हुतं."

"बाबा?"

"तर! गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला आलं हुतं की. तुमच्यावानीच समदे ऐकलं आन् ह्यो दुसरा, लोकरीचा, पसंत केला. म्हनलं, आप्पा, आमच्या मंडळींचा दुपारचा डोळा लागलेला असतो, मी आलो की दचकून उठतीया बिचारी. आता चोरपावलानं घरात शिरायचं हाय. ह्यो ठेव, येतो बसवायला." आप्पासो हसला. "आन् त्येंच्या तोंडात त्यो शब्द! फोनवर त्या अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांचं व्हिडिओ बघायचं ना, जुन्या गाड्यांचं? तिकडं सायलेन्सरला मफलर म्हनत्यात म्हनं. तवापासनं मफलर आन् मफलर. मी म्हनायचो, सायेब, थंडी वाजतीया व्हय गाडीला?"

धोंडुबाई हसली. "आता लोकर भरल्यावर मफलरच की त्यो."

वल्लरी टपरीच्या बाकावर बसली. धोंडुबाईने पुढे केलेला चहा तिने घेतला आणि हातात नुसता धरून ठेवला. मफलर राहिला बघ. हा नव्हे. ते भ्रमात नव्हते. थंडीने कुडकुडतही नव्हते. राहिलेलं एक काम मुलीला सांगत होते. आणि मुलीने त्यांच्या गळ्याभोवती लोकर गुंडाळली होती, तीही नीट, दोन वेढे देऊन.

"चहा निवला की," धोंडुबाई म्हणाली. "बरं न्हाई वाटत?"

"बरंय."

आप्पासो ड्रिल हातात घेऊन तसाच उभा होता. "काय करू? पाडू भोक?"

एका बाजूला आईचा चहा होता. कोपऱ्यावरचं ते फट् ऐकून आईचा चेहरा कसा होईल, हे वल्लरीने आठवडाभर मनात रंगवलं होतं. ड्रिल एकदा दाबलं की ते तिच्या हातात येणार होतं. दुसऱ्या बाजूला बाबांनी मागितलेली शेवटची वस्तू होती, आणि ती ते स्वतःच पसंत करून गेले होते.

"त्यांनी ठेवायला सांगितलेला तो हाच का?"

"न्हाई वो. दिवाळीपातूर वाट बघितली, मग एका फियाटवाल्याला दिला. खोटं कशाला बोलू? पर ह्यो त्याचाच जुळा भाऊ."

"हाच बसवा," वल्लरी म्हणाली. "भोक नको."

परतीच्या रस्त्यावर ती सुखावेल असं कुणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही. गाडी इतकी शांत होती की तिला बाकीचं सगळं ऐकू यायला लागलं. वाऱ्याची फडफड, सीटची करकर, कराडच्या पुलाखालचा कुणाचा तरी रेडिओ. मध्येच इंजिन बंद पडलं की काय असं वाटून ती दचकून काट्याकडे बघायची. आपण चूक तर केली नाही ना, हे तिने उंब्रजपर्यंत स्वतःला इतक्यांदा विचारलं की प्रश्नाचा अर्थच झिजून गेला.

साताऱ्यात शिरताना उन्हं उतरली होती. गल्लीच्या कोपऱ्यावर तिने गिअर उतरवला. काहीच झालं नाही. गाडी फाटकापाशी आली, थांबली. घरात हालचाल नव्हती. तिला बेल वाजवावी लागली.

"कधी आलीस?" आईने दार उघडलं आणि तिच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. "अगं बाई! मला ऐकूच आलं नाही."

"बाबांना तसंच हवं होतं." मग दारातच उभं राहून वल्लरीने सगळं सांगून टाकलं. लोकर, चोरपावलं, अमेरिकेतले म्हातारे. दवाखान्यातलं शेवटी सांगितलं, खाली बघत. कॉफी रंगाचा, राखाडी, आणि वर्षभर शोधलेला तिसरा.

आईच्या तोंडून विचित्र असा आवाज निघाला. वल्लरीने घाबरून वर पाहिलं, तर आई हसत होती. पदराने डोळे पुसत हसत होती.

"मे महिन्यात," आई म्हणाली. "लोकरीचा. आणि ते बिचारे बघताहेत टोक धरून, की ही पोरगी हे गाडीला कुठे बसवणार!"

वल्लरीलाही हसू फुटलं, आणि ते लवकर थांबेना.

"आणि मी झोपलेली असायचे म्हणे!" आई मग म्हणाली. "पडलेली असायचे नुसती. कान सगळा कोपऱ्याकडे."

"भोक पाडून आणू का? आप्पासो देतो म्हणालाय."

आईने गाडीकडे पाहिलं. गाडीच्या लाल अंगावर सांगलीची हळदी धूळ बसली होती. "जा पुन्हा कोपऱ्यापर्यंत," ती म्हणाली, "आणि त्यांच्यासारखी ये. बघते."

वल्लरी कोपऱ्यावर गेली आणि तिथे थोडी थांबली. कुठल्याशा घरात कुकरची शिट्टी झाली. मग तिने गिअर उतरवला आणि अगदी हळू परत आली. इंजिन बंद केलं, दार न आपटता लावलं. चपला काढून आत गेली, तर स्वयंपाकघरात गॅसवर चहा उकळत होता. दोन कप ओट्यावर मांडून ठेवले होते.

"ऐकू आलं?" तिने विचारलं.

"नाही," आई म्हणाली. गॅस बारीक करून तिने गाळणं हातात घेतलं. "अंदाजाने टाकला."