दोरीमागची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. ब्रिंडल क्रीकच्या सभागृहातली, पाठीवर मुकुट कोरलेली. पंचेचाळीस वर्षं माझ्याभोवती लाल दोरी होती आणि दोरीवर पाटी होती, 'बसू नये'. माझ्या मनात फार डूख आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी कोणाबद्दल वाईटसाईट बोलले तर दचकू नका.

मला घडवलं क्लॅरी टिंडलनं. मेंढ्यांच्या गावातला सुतार तो. कुंपणाचे खांब, दारं, शवपेट्या, पडेल ते काम करायचा. १९५४ साली राणी ऑस्ट्रेलियात येणार आणि तिची गाडी आमच्या स्टेशनवर चार मिनिटं थांबणार, अशी बातमी आली. चार मिनिटं का होईना, राणी उभी राहता कामा नये, असं गावानं ठरवलं. पंचायतीचे अध्यक्ष पर्सी ऑल्डर्टन यांनी क्लॅरीला बोलावून काम सांगितलं.

अकरा आठवडे तो माझ्यावर खपला. लाल देवदाराचं लाकूड, एकही खिळा नाही, सगळे सांधे कोरून बसवलेले. माझे हात मात्र त्याच्या बायकोनं, नेलनं, घासून गुळगुळीत केले. तिला सातवा महिना होता. पाठ दुखायला लागली की ती लाकडाच्या ढिगावर टेकायची आणि मला म्हणायची, "मजा आहे गं तुझी. राणीचा पार्श्वभाग बघशील." क्लॅरी हसून हसून रंधा खाली ठेवायचा. घर म्हणून मला जे काही आठवतं, ते एवढंच.

ठरल्या दिवशी मला फलाटावर गालिच्यावर ठेवलं. ऊन असं होतं की पत्र्याचं छप्पर तडतडत होतं. सगळा गाव हातमोजे आणि टोप्या घालून सकाळी नऊपासून उभा. गाडी साडेअकराची. साडेअकरा वाजले, बारा वाजले, गाडीचा पत्ता नाही. नेलला तेव्हा आठवा सरत आला होता. तिचे घोटे बुटांतून वर आले होते आणि ओठ पांढरे पडले होते.

क्लॅरी तिला म्हणाला, "बस जरा. गाडी यायला अजून वेळ आहे."

"इथे?"

"मग कुठे? मीच केली आहे ना ती?"

ती बसली. माझ्यावर बसलेलं ते पहिलं माणूस. तिनं पाठ टेकली, हुश्श केलं, आणि पोटातल्या पोरीनं मारलेली लाथ मला माझ्या पाठीत कळली. मी कशासाठी जन्मले ते मला त्या क्षणी समजलं.

तेवढ्यात पर्सी ऑल्डर्टनची बायको, एनिड, गालिच्यावरून तरातरा आली. तिनं नेलच्या दंडाला धरून तिला उभं केलं. सगळ्या गावासमोर, आठ महिन्यांच्या गरोदर बाईला.

"ऊठ! लाज नाही वाटत? तुझ्यासाठी आहे का ती?"

मग तिनं बाहीतून रुमाल काढला आणि मला पुसलं. एकदा पुसलं. थांबली, बघितलं, आणि पुन्हा एकदा पुसलं. नेल बघत होती. गावही बघत होता आणि कोणी चकार शब्द काढला नाही. या लोकांची ही सवय मी पुढेही पुष्कळ पाहिली. भांडण लागलं की हे आपल्या बुटांकडे बघत बसतात.

पाऊण वाजता गाडी आली. उशीर झाला होता म्हणून न थांबता गेली. एका खिडकीचा पडदा हलला एवढंच. गावानं झेंडे हलवले आणि सगळे घरी जाऊन जेवले.

मला सभागृहात नेलं आणि एनिडनं स्वतःच्या हातानं दोरी बांधली. ज्या खुर्चीवर राणी बसली नाही, त्या खुर्चीवर राणी बसली नाही म्हणून दुसऱ्या कोणी बसायचं नाही! माणसांच्या डोक्यात असले हिशेब कसे बसतात, देव जाणे.

नेलनं त्यानंतर सभागृहात पाऊल टाकलं नाही. इथे कोणी गेलं की दफनानंतरचा चहा आणि सॅंडविच सभागृहातच असतात, हा रिवाज. क्लॅरी गेला तेव्हा नेलनं त्याचा चहा मेंढ्यांच्या वाड्यात, झाडाखाली दिला. मतदान इथे सक्तीचं आणि ते सभागृहातच होतं, म्हणून ती दर वेळी सत्तर किलोमीटरवरच्या गावी जाऊन मत देऊन यायची. आणि मी इथे दोरीमागे, एकेक दिवस मोजत.

माझ्या हातून होईल तेवढं मीही करत होते. दर जूनला, राणीच्या वाढदिवसाच्या सुटीला, एनिड गुडघे टेकून मला पॉलिश करायची. माझ्या डाव्या पायाला आतून एक कुसळ होतं. मी ते जपलं होतं. तिचे चाळीसेक तरी मोजे मी फाडले. "या लाकडात काहीतरी दोष आहे," असं ती दर वर्षी म्हणायची. दोष नव्हता बाई, द्वेष होता.

१९९९च्या नोव्हेंबरात देशानं सगळ्यांना विचारलं की राणी ठेवायची, का तिच्या जागी आपला राष्ट्राध्यक्ष आणायचा? अध्यक्ष नुसता मानाचा आणि त्याला निवडणार खासदार. 'हो' म्हणजे अध्यक्ष, 'नाही' म्हणजे आहे तसंच. शनिवारी सभागृहात मतदान, दाराबाहेर कांदा घालून सॉसेज भाजणं चाललेलं. एका बाजूला एनिड 'नाही'ची पत्रकं वाटत होती, ऐंशीला टेकलेली पण ताठ. दुसऱ्या बाजूला 'हो'ची पत्रकं घेऊन लॉरेल, नेलची मुलगी. माझ्या पाठीत लाथ मारणारी तीच ती. वय पंचेचाळीस, पण लाथ मारायची सवय गेली नव्हती.

आठ वाजता दार उघडलं तशी लॉरेल आत आली आणि तिनं मतदान अधिकारी प्रॉसरसाहेबांना गाठलं.

"साहेब, ही खुर्ची इथे कशी?"

प्रॉसरसाहेबांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "खुर्चीला काय झालं?"

"तिच्यावर मुकुट आहे. आणि आज मत कशावर आहे? मुकुट ठेवायचा का काढायचा, यावरच ना? मग हा 'नाही'वाल्यांचा प्रचार झाला. प्रचार दारापासून सहा मीटर लांब. नियम तुमचाच."

साहेब मान खाजवत म्हणाले, "टेबलक्लॉथ टाकू या तिच्यावर, म्हणजे मिटलं."

आणि खरोखर मिटलं असतं, एनिड गप्प बसली असती तर. पण ती दारातून ओरडली, "झाकायची? राणीची खुर्ची झाकायची? मुळीच नाही! दिसू दे लोकांना! ती दिसली की मत कोणाला द्यायचं ते आपोआप आठवेल त्यांना!"

प्रॉसरसाहेबांनी हताशपणे खिशातून अंतर मोजायची टेप काढली. "बाई, आता मात्र ती बाहेर जाणार."

दोरी सुटली. दोघांनी मला उचलून गवतावर, एका झाडाखाली आणून ठेवलं. एनिड पत्रकं घेऊन माझ्या शेजारी पहाऱ्याला उभी राहिली. लॉरेल आईला फोन करायला पळाली.

रांगेतल्या लोकांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"मर्व्ह, तू तर राणीच्या विरुद्ध होतास ना?"

"अजून आहे. पण अध्यक्ष खासदार निवडणार, आपण नाही. म्हणून माझं 'नाही'."

"म्हणजे राणी नको म्हणून तू राणीला मत देणार?"

"ती बरी. ती निदान मत मागायला दारात येत नाही."

"आणि हा मानाचा अध्यक्ष करणार काय दिवसभर?"

"फिती कापणार."

"राणी काय करते मग?"

"तेच. पण लांबून."

अकराच्या सुमारास नेलची जुनी गाडी धूळ उडवत आली. केस पांढरे झाले होते, गुडघे वाकले होते, तरी मी तिला पावलांवरून ओळखलं. ती रांगेत उभी राहिली, पंचेचाळीस वर्षांनी आत गेली, मत देऊन बाहेर आली. मग काठी टेकत सरळ माझ्यापाशी आली.

"ही रिकामी आहे का?" तिनं एनिडला विचारलं.

"तिच्यावर कोणी बसत नाही."

"आता बसतं." आणि ती बसली. पहिल्यापेक्षा हलकी झाली होती. माझे सगळे सांधे आनंदानं करकरले.

लॉरेल धावत आली. "आई! दिलंस ना 'हो'ला?"

"नाही दिलं."

"काय?"

"राणीनं मला कधी उठवलं नाही गं. ही बाई उठवायला आली होती." नेलनं एनिडकडे बोटसुद्धा केलं नाही. "उद्या तुमचा अध्यक्ष येईल. त्याच्यासाठी दुसरी खुर्ची कराल, तिलाही दोरी बांधाल, आणि दोरी कोणाच्या हातात असेल? हिच्याच. मग राणीनं काय घोडं मारलंय?"

"म्हणून हिच्याच बाजूला मत दिलंस?"

"मत राणीला दिलंय. हिचं बघते मी."

लॉरेल आपल्या पत्रकांकडे गेली. तिचा चेहरा पडला होता. मला मात्र आईचं म्हणणं पटलं. माझ्या पाठीवरच्या मुकुटानं मला कधी छळलं नाही, छळलं ते पाटीनं.

नेल उठली नाही. एक वाजला, दोन वाजले. तिनं तिथेच सॉसेज-पाव खाल्ला, तिथेच चहा प्यायली. एनिड उभीच. माझ्यावरची नजर काढवेना आणि पहारा सोडवेना. तीनच्या सुमारास तिच्या हातातली पत्रकं गळून पडली आणि ती झाडाला धरून खाली घसरायला लागली.

"खुर्ची! कोणीतरी आतून खुर्ची आणा!" मर्व्ह ओरडला.

"आणायला कशाला?" नेल उठून उभी राहिली. "ही आहे की."

"नको," एनिड पुटपुटली. "इथे नको. हिच्यावर नको."

नेलनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं. "बस, एनिड. गाडी यायला अजून वेळ आहे."

ती बसली. माझा मागचा पाय थोडा ढिला झाला होता. मनात आणलं असतं तर तिथेच आडवी केली असती तिला. पण नेलच्या डोळ्यांत काहीतरी शिजत होतं, म्हणून मी दम धरला. लोक जमले. दोरी बांधणारी बाई दोरीमागच्या खुर्चीत, टोपी तिरकी, मोजा फाटलेला, घटाघटा पाणी पीत. हळूहळू तिच्या तोंडावर रंग आला. माझ्या हातांना धरून ती उठली.

तेव्हा नेलनं बाहीतून रुमाल काढला आणि मला पुसलं. एकदा पुसलं. थांबली, बघितलं, आणि पुन्हा एकदा पुसलं.

कोणी चकार शब्द काढला नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. एनिड एकटी गाडीपर्यंत चालत गेली.

संध्याकाळी 'नाही' जिंकलं. राणी राहिली. एनिडची बाजू जिंकली, पण त्या आनंदाचा केक कापायला ती सभागृहात नव्हती. पुढच्या महिन्यात समितीनं पाटी काढली आणि दोरी मेंढ्यांच्या प्रदर्शनातल्या तंबूला लावली. मी आता दाराजवळ असते. दर गुरुवारी नेल पत्ते खेळायला येते आणि माझ्यावरच बसते. पोरं माझ्यावर उभी राहून वरच्या फळीवरचे डबे काढतात. मुकुटाचं एक टोक तुटलंय, त्याचं मला काही नाही.

एनिड आता मत द्यायला सत्तर किलोमीटरवरच्या गावी जाते. वाईट वाटतं का, असं विचाराल तर नाही वाटत. मुळीच नाही.

तुम्ही कधी ब्रिंडल क्रीकला आलात तर या आणि बसा. राणीचे असा, अध्यक्षाचे असा, मला विचारायचं नाही. बुटांना चिखल असला तरी चालेल. फक्त तुमच्या आधी कोण बसलं होतं ते बघून मला पुसू नका.