चार मिनिटांचा माग

औषधाच्या पंपाचा प्रोग्रॅम लिहिणारी ताई गुरुवारी सकाळी टेबलाशी बसली, तेव्हा तिच्या हातात जेमतेम दीड दिवस उरला होता. लॅबमध्ये वयाने मोठे असलेले लोकही तिला ताईच म्हणत.

झालं होतं ते असं. एका हॉस्पिटलात त्यांच्या कंपनीचा पंप चार मिनिटं नुसता उभा राहिला. त्यातून एका आजोबांना रक्तदाब टिकवणारं औषध चाललं होतं. ते थांबलं आणि आजोबा बेशुद्ध पडले. अलार्म वाजलाच नाही. नर्सचं लक्ष गेलं म्हणून ते वाचले. पण पंपाच्या नोंदीत नेमक्या त्याच सेकंदाला बटण दाबल्याचं दिसत होतं. कोणतं बटण, ते नोंदीत नव्हतं. नर्स म्हणत होती, किती औषध गेलं ते बघायचं बटण मी दाबलं. ताईचे साहेब म्हणत होते, तिने पंप बंद केला आणि आता अंगाशी आल्यावर हात झटकतेय. शुक्रवारी दोन वाजता हॉस्पिटलात चौकशी होती. नर्सला आधीच घरी बसवलं होतं.

नर्स खरं बोलतेय असं ताईला वाटत होतं. पण नुसत्या वाटण्याला चौकशीत कोण विचारतो?

मंगळवारी ते बघायचं बटण दाबून दाबून तिने लॅबमधला पंप दोनदा थांबवला होता. मात्र आत काय चाललंय हे बघायला प्रोग्रॅम मध्येच रोखला, की सगळा ताल बदलायचा आणि पंप गुणी बाळासारखा चालायचा. तेव्हा उपाय एकच होता. पंपातली चिप चालू असतानाच तिचं एकेक पाऊल टिपून घ्यायचं. त्यासाठी साबणाच्या वडीएवढी एक डबी असते, प्रोब म्हणतात तिला. ती चपट्या केबलने चिपला जोडली, की चिपने कोणती सूचना कधी पाळली त्याचा अखंड माग कॉम्प्युटरवर उतरतो.

उतरायला हवा. बुधवारपासून उतरत होता तो निव्वळ कचरा. कुठे पानभर खुणा, कुठे भगदाड, कुठे चिपच्या मेमरीत अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यांची यादी.

तिने वेग निम्मा केला, पाव केला. शेजारच्या विभागातून दुसरा प्रोब मागून आणला. सोल्डरिंग करणाऱ्या काकांनी केबल वीतभर तोडून आखूड केली, जोड पुन्हा टाकले, भिंगातून एकेक टाका तपासला. कचरा काही हटला नाही.

"हिला बोलतं करायला आता पोलीसच आणायला हवेत," काका डबीकडे बघत म्हणाले. ताईला हसू आलं नाही.

दुपारी आईचा फोन आला. डबा ओट्यावरच राहिलाय, आणि काल रात्रीही तू ताटावरून तशीच उठलीस, हे तिने ऐकवलं. ताई हो हो म्हणाली, फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. परत आली तर साहेब तिच्या खुर्चीपाशी उभे. त्यांनी आवाज चढवला नाही. 'दोष आढळला नाही' एवढं एका कागदावर लिहून सही कर, असं त्यांचं म्हणणं होतं.

"आढळला नाही, हे खरंच आहे ना?" ते म्हणाले.

खरंच होतं ते. पेनाचं टोपण तिने काढलंसुद्धा. मग संध्याकाळपर्यंत मुदत मागितली.

साडेचारला, आता सुचण्यासारखं काहीच उरलं नाही म्हणून, ती मागाच्या अगदी सुरुवातीला गेली. एरवी ती थेट शेवट बघायची. पंप चालू केल्यावरचा पहिला सेकंदभर माग स्वच्छ होता. मग एका क्षणी फिसकटायचा. तिने पंप सात वेळा बंद-चालू केला. सातही वेळा तोच क्षण. केबल खराब असती तर इतकी वेळ पाळून बिघडली नसती.

त्या क्षणी प्रोग्रॅम काय करत होता? हिरवा दिवा लावत होता. जुन्या पंपाला असा एक दिवा होता. नव्या पंपात तो काढून टाकला आणि चिपचा तोच पाय, म्हणजे पिन, मागाला ताल देणारा ठोका बाहेर पाठवायला दिला. प्रोग्रॅमला हे कुणी सांगितलंच नव्हतं. नसलेला दिवा लावायला तो दर वेळी स्वतःच तो पाय हिसकावून घेत होता. ताईने ती एक ओळ काढली, बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. माग शेवटपर्यंत स्वच्छ उतरला. सहीचं उद्या बघू, असा निरोप तिने साहेबांना धाडला.

शुक्रवारी आठपासून ताई आणि काका आळीपाळीने बटण दाबत बसले. नऊ वाजले, दहा वाजले, पंप ढिम्म चालूच. अकरा वाजले. आज हा थांबलाच नाही तर? पावणेबाराला मोटरचा आवाज बंद पडला. ताईने माग उघडला.

मागात सगळं होतं. किती औषध ढकललं त्याचा आकडा प्रोग्रॅम दोन तुकड्यांत वाचायचा. एक तुकडा वाचून झाल्यावर, दुसरा वाचायच्या आत बटण दाबलं गेलं, तर मधल्या वेळात आकडा पुढे सरकायचा, आणि जुना आणि नवा तुकडा जोडून भलताच मोठा आकडा तयार व्हायचा. आपण फार पुढे गेलो असं वाटून पंप वाट बघत उभा राहायचा. त्याच्या लेखी सगळं आलबेल, म्हणून अलार्मही नाही.

तो भाग चार वर्षांपूर्वी ताईनेच लिहिला होता. नर्सचं खरं ठरलं याचा आनंद तिला एक क्षणसुद्धा मिळाला नाही.

तिने साहेबांना फोन केला. मागात काय दिसलं ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "कोणी लिहिलंय, हेही सांगणार आहेस?"

"विचारलं तर सांगेन," ती म्हणाली. "नाही विचारलं तरी सांगेन."

चौकशीत तिने सांगितलं. सगळ्या वॉर्डांतले पंप त्याच दुपारी काढून घ्यायचं ठरलं. ताईला या कामावरून दूर करतो, असं साहेबांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं. नर्सला सोमवारपासून हजर व्हायला सांगितलं. माफी कुणी मागितली नाही.

बाहेर बाकावर नर्स तिच्याशेजारी येऊन बसली. ताईपेक्षा वयाने मोठी, सुजलेल्या डोळ्यांची बाई.

"मी दाबलं नसतं तर?" तिने विचारलं.

"दुसऱ्या कुणाकडून तरी दाबलं गेलं असतं. त्यासाठीच आहे ते बटण."

नर्सने मान हलवली. आजोबांना भेटायला तिला घातलेली बंदी आता उठली होती. पण एकटीने जायला तिचं पाऊल उचलत नव्हतं. ताईलाही तिथे जायचं नव्हतं. दोघी उठल्या.

आजोबा जागे होते. उजवा हात चादरीवर निपचित पडलेला. नर्सला बघून त्यांचे डोळे हलले. मग त्यांनी ताईकडे पाहिलं.

"या कोण?" उशाशी बसलेल्या सुनेने विचारलं.

"पंपाचं काम माझ्याकडे होतं," ताई म्हणाली. "चूक माझी होती."

 सुनेने दुसरी खुर्ची पुढे केली नाही. ताई उभीच राहिली, आजोबा जा म्हणेपर्यंत.