मेमसाहेबाचं वाण

छप्पन सालच्या नाताळात मिशनच्या मेमसाहेबानं मानोऱ्यात आमा बायाईले शाली वाटल्या. रांगेत बसून म्या पदर पसरला, शाल घेतली. तीन हप्त्यानं संक्रांत आली. मातीच्या सुगडात हरभऱ्याचे घाटे, बोरं आन् तिळगूळ भरून मी तिच्या बंगल्यावर वाण द्याले गेली.

ती हसून म्हणाली, "नको मनकर्णाबाई. नाताळच्या भेटीच्या बदल्यात आम्ही काही घेत नाही. घरी लेकरांना द्या."

म्या अंगावरची शाल काढली, घडी करून पायरीवर ठेवली.

"संक्रांतीचं वाण आमच्यात कोनी वापस करत नाही. माह्या हातचं घेत नसान, तं तुमचं मी पांघरत नाही. तवा म्या पदर पसरला. आता तुमी झगा पसरा."