नऊ तळ्यांचा झेंडा

“अज्जा, तुमचा झेंडा उंदरांनी खाल्लाय, की तुम्हालाच पुरा शिवता आला नाही?”

चंदना आणि रंजिता या मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून संयोगितानं आपल्या आजोबांना हे विचारलं. त्या दोघी दाराआड खुसखुसत होत्या. संताजीअज्जा रागावले नाहीत. त्यांनी नुसता माझ्यावरून हात फिरवला.

मित्रांनो, तो झेंडा म्हणजे मी. बेंगळुरूच्या चामराजपेटमधला जुना सुती झेंडा. मला सरकारी मान वगैरे काही नाही. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या मंडळानं मिरवणुकीसाठी ‘आपल्या शहराचा झेंडा’ मागितला आणि अज्जांनी तो मनानंच बेतला. घराणं शिंप्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. हळदीसारखं पिवळं कापड, चार कोपऱ्यांत शहराच्या जुन्या सीमेवरचे चार लाल बुरूज, आणि मधे निळी नऊ तळी. सगळी अज्जांनी स्वतः पाहिलेली, हातटाक्यानं लावलेली. काय दिसायचो म्हणून सांगू मी! लोक माना वर करून तळी मोजायचे.

मग पहिल्या तळ्यावर इमारती आल्या. अज्जांनी मला मांडीवर घेतलं आणि सुईच्या टोकानं ते तळं हळूहळू उसवलं. मंडळाचे योगीराजअण्णा हसले. म्हणाले, राहू दे की, एवढ्या उंचावर कोण बघतंय?

“झेंड्यानं खोटं बोलू नये, अण्णा,” अज्जा म्हणाले.

पुढे कुठे मैदान आलं, कुठे बस डेपो, कुठे घरांचा लेआउट. तळं गेलं की त्याचा निळा तुकडा पत्र्याच्या डब्यात जायचा. मंडळाला असा विरळ होत जाणारा झेंडा नको झाला. त्यांनी चकचकीत छापील झेंडा आणला, आणि मी शिलाई मशीनमागच्या खिळ्यावर गेलो.

पैजेच्या दिवशी माझ्यावर दोनच तळी उरली होती. अज्जांनी संयोगिताला डबा उघडून दाखवला, एकेका तुकड्याचं नाव सांगितलं. ती हसायची थांबली. त्याच आठवड्यात, अज्जा ज्या तळ्यात पोहायला शिकले, तिथे मातीचे ट्रक लागले. अज्जांनी सुई घेतली. तळं अर्धं उसवलं आणि हात थांबला.

“स्वल्प राहू दे,” ते म्हणाले. “उद्या बघू.”

त्यांचा उद्या आला नाही. सुई अजून माझ्यातच आहे, गंजायला लागली आहे.

मित्रांनो, उन्हानं मी पार विटलो. पण जिथे जिथे तळं होतं, तिथला पिवळा रंग अजून गडद आहे. नीट बघितलंत तर गेलेली सातही दिसतात. जे जपायचं ते असतानाच जपा. नंतर हातात नुसता डबा उरतो.

आता शाळेत संयोगिताला आपल्या शहरावर बोलायचं आहे. काल तिच्या आईनं, शालननं, डबा काढला. नऊच्या नऊ लावू या, स्टेजवर नवाकोरा दिसेल, म्हणाली. तिच्या वडिलांनी, दयानंदअप्पांनी, तर दोरासुद्धा ओवला.

संयोगितानं मला ओढून छातीशी धरलं.

“आई, अप्पा, मी एकही तळं परत शिवणार नाही. अज्जांचा झेंडा असाच नेणार. सुईसुद्धा काढायची नाही.”