पाव इंचाची पळवाट

आमच्या घरी रविवारी जेवताना कोणी 'खेकडा' हा शब्द काढला की माझी नणंद ताट उचलून अंगणात जायची. टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यांवर मसाला लावून वाफवलेल्या लालभडक खेकड्यांचा ढीग, प्रत्येकाच्या हातात कवच फोडायची लाकडी हातोडी, आणि बोलायचं मात्र हवापाण्यावर. माझा नवरा एल्टन मुद्दाम खोडी काढायचा. सगळ्यांची पानं वाढून झाली की हळूच म्हणायचा, "यंदा खेकडा जरा..." की ही बाई बाहेर.

"अगं, मी चवीबद्दल बोलत होतो!" तो खिडकीतून ओरडायचा.

"चवही नको. तू बोल, मी डासांशी बोलते," बाहेरून उत्तर यायचं.

झालं होतं असं, की ही नणंद, रोवेना, उपसागर मत्स्य आयोगाच्या पाच सभासदांपैकी एक होती, आणि खेकडे धरण्याचा धंदा करणाऱ्या एल्टनने त्याच आयोगावर खटला भरला होता. घरचं माणूस खटल्यात असेल तर सभासदाने त्या विषयातून बाजूला व्हायचं, असा नियम आहे. बाकीचे सभासद कागदावर बाजूला होतात. आमची रोवेना माझ्या टेबलावरूनही बाजूला व्हायची. डाइझ घराण्यात हट्ट वाटताना कोणी हात आखडता घेतलेला नाही.

भांडण होतं पाव इंचाचं. खेकड्याच्या पिंजऱ्याला एक गोल कडी असते. लहान पिल्लांनी तिच्यातून निघून जावं, वाढावं, मग पुढच्या वर्षी सापडावं. आमच्याकडे तिला पळवाट म्हणतात. आयोगाने ती पाव इंचाने मोठी करायला लावली. कायद्यात एवढंच लिहिलंय की पिंजरे 'योग्य' असावेत. योग्य म्हणजे किती, ते आयोगाने ठरवलं.

"पाव इंचातून माझा अर्धा धंदा पळाला," एल्टन सांगत सुटला. माझा नवरा हवामान सोडून सगळ्या बाबतीत वाढवून सांगतो, पण चांगले विकण्याजोगे खेकडे निसटत होते हे मीही पाहिलं होतं.

मग वॉशिंग्टनहून प्रेस्कॉट नावाचा वकील आला. फुकटात. सरकारला कोर्टात खेचणं हेच त्याच्या संस्थेचं काम. चकचकीत बूट घालून आमच्या धक्क्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "मिस्टर डाइझ, कडीवर वाद घातला तर न्यायाधीशांना झोप येईल. आपण मुळावरच घाव घालू. या पाच जणांना तुम्ही निवडून दिलंय का?"

"छे!"

"ज्यांना तुम्ही निवडून देता त्या राष्ट्राध्यक्षांना तरी यांना काढता येतं का? नाही. सबळ कारणाशिवाय हात लावता येत नाही. मग हे नक्की कोणाला जबाबदार?"

खरं सांगते, मलाही तो प्रश्न बिनतोड वाटला. तरी मी म्हटलं, "अरे एल्टन, रोवेनासुद्धा त्या पाचांतलीच आहे ना?"

"तिला कोण काढतंय? तिच्याइतकं राबतं कोण तिथे?" मग प्रेस्कॉटकडे वळून, "पळवाटेचं लिहिलंयस ना यात?"

"लिहिलंय. शेवटच्या पानावर."

तेवढं पान पाहून एल्टनने सही ठोकली.

वरच्या न्यायालयात आम्ही दणदणीत जिंकलो. आयोगाच्या सभासदांना राष्ट्राध्यक्ष वाटेल तेव्हा काढू शकतात, असा निकाल लागला. पळवाटेबद्दल? 'या प्रश्नात शिरण्याची आवश्यकता नाही.' प्रेस्कॉटने शॅम्पेन पाठवली. एल्टनने त्याला फोन लावला.

"जिंकलो म्हणजे माझं नक्की काय झालं?"

"तुम्ही इतिहास घडवलात!"

"आणि माझा पिंजरा?"

"तो पुढच्या खटल्यात बघू."

महिना उलटायच्या आत राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून रोवेनाला दोन ओळींचा ईमेल आला. आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे. आभार.

त्या रविवारी ती येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आली. एल्टन मान खाली घालून खेकडे वाढत होता. "हे खेकडे..." असं तोंडातून निघालं आणि त्याने जीभ चावली. रोवेना जागची हलली नाही.

"बोल की. आता मी कोणीच नाही." तिने एक नांगी फोडली. "मला पण बोलायचंय. पाव इंच जास्तच होतं. इंचाचा आठवा भाग पुरला असता. बाबांच्या जुन्या पिंजऱ्यावर मी स्वतः करून पाहिलं होतं. पळवाट पुन्हा मतदानाला आली तेव्हा मतं पडली दोन विरुद्ध दोन, म्हणून नियम तसाच राहिला. पाचवं मत माझं, पण तुझ्या खटल्यामुळे मला ते देता येत नव्हतं. ते तुझ्या बाजूने पडलं असतं."

एल्टनची हातोडी हवेतच राहिली. "मग सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगणार? मी अंगणात होते."

मला हसू फुटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. ती खरंच कोणीच नव्हती आता. कोळ्याची पोर, आमच्या बेटावरून कायदा शिकायला गेलेली पहिली मुलगी. जन्मात एकच जागा मागितली होती तिने, या पाण्याची काळजी घ्यायची. आणि आता आयोगात वरून फोन आल्याशिवाय पंखासुद्धा लागत नव्हता.

जागा परत मिळावी म्हणून रोवेनाने राष्ट्राध्यक्षांवर खटला भरला. एल्टन चांगला शर्ट चढवून बाल्टिमोरच्या न्यायालयात गेला. मीही सोबत होते. खिडकीतल्या बाईला म्हणाला, "मला माझा निकाल परत करायचाय."

"म्हणजे अपील?"

"अपील नाही. मी जिंकलोय. मला नको. तुम्ही परत घ्या."

तिने आतून साहेबांना बोलावलं आणि एल्टनला म्हणाली, "यांना पुन्हा एकदा सांगा." दोघांनी अगदी आदराने ऐकून घेतलं. तशी सोय नाही म्हणाले.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशबाई फार सौम्यपणे बोलल्या. "मिस डाइझ, तुमचं म्हणणं मला समजतंय. पण माझ्यासमोर डाइझ आहे."

"डाइझ मीच," रोवेना म्हणाली.

"तुम्ही नाही. वरच्या न्यायालयाचा डाइझ. तो मला बांधील आहे... म्हणजे, मी त्याला."

या लोकांत निकालाला माणसाच्याच नावाने हाक मारतात. सकाळभर तेच चाललं. डाइझ असं म्हणतो, डाइझने हे मिटवलंय. सरकारी वकील उठून म्हणाला, "डाइझनुसार डाइझ यांना जावंच लागेल," आणि सगळं दालन हसलं. मीही हसले. मग शेजारी एल्टनकडे पाहिलं. तो उभा राहिला होता.

"बाई, तो डाइझ मी आहे. मी माझे शब्द मागे घेतो."

पहारेकरी पुढे सरकला. न्यायाधीशबाईंनी त्याला हाताने थांबवलं. "मिस्टर डाइझ, तो निकाल आता तुमचा राहिलेला नाही. तो सगळ्या देशाचा झाला."

"पण सही माझी होती!"

"बस, एल्टन," रोवेना मागे न बघता म्हणाली. तो बसला. दुपारपर्यंत ती हरली.

बाहेर पायऱ्यांवर एल्टन तिच्यापुढे उभा राहिला. "रो, तुला मी काढलं."

मला वाटलं, ती म्हणेल तू नाही रे, राष्ट्राध्यक्षांनी. पण रोवेना समजूत घालायलाही खोटं बोलत नाही.

"हो," ती म्हणाली. "त्यांच्या ईमेलात माझं नाव धड लिहिलेलं नव्हतं. त्यांना मी कोण तेही माहीत नसेल. काढलंस तूच."

एवढा धिप्पाड माणूस, पायरीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. येणारेजाणारे बघत होते. मला दोघांचाही राग आला होता आणि दोघांनाही जवळ घ्यावंसं वाटत होतं.

रोवेना कोर्टासाठी घातलेल्या चांगल्या स्कर्टची पर्वा न करता त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"पुढच्या वर्षीपासून कायद्याची पोरं आपलं आडनाव घोकणार," ती म्हणाली. "आणि बघशील, उच्चार एकालाही जमणार नाही."

एल्टन रडता रडता हसला. ती हसली नाही. रस्त्याकडे बघत राहिली.

"मला माझं काम आवडायचं रे, एल्टन," ती म्हणाली.